एक सूत खाली

मॉन्टपेलियरला नोव्हेंबरात
चार वाजताच दिवे लावावे लागतात.
टेबलावर विम्याचा नवा मसुदा, पानं एकशे बारा.
पुढच्या वर्षीपासून कंपनीला तो राज्यात विकायचाय.
माझं काम वाचण्याचं.
सत्तावीस वर्षं राज्य मला त्याचाच पगार देतं.

कलम चार, पोटकलम ब :
'पूर्ण अपंगत्व म्हणजे विमाधारकास
स्वतःच्या व्यवसायातील मुख्य कामे करता न येणे;
चोवीस महिन्यांनंतर,
कोणत्याही व्यवसायातील.'

अर्धविरामाच्या अलीकडे
माणूस सुतार असतो, नर्स असतो, पियानो लावून देणारा असतो.
पलीकडे नुसता माणूस उरतो.
श्वास चालू, खुर्चीत बसू शकतो.

लोक म्हणतात, तुमच्या खात्यात शब्दांचा कीस काढतात.
काढतो.
आम्ही नाही काढला
तर तो कुणाच्या तरी डोळ्यात जातो.

मसुद्याखाली एक तक्रार दबलेली.
एल्व्हियो कोमोली, बॅरी गाव, वय एकोणसाठ.
थडग्यांच्या ग्रॅनाइटवर नावं कोरायचा,
आजोबांपासून हेच.
हवेच्या हातोड्यानं बोटं पांढरी पडली,
आता छिन्नी हातात आहे की नाही
हे त्याला बघूनच कळतं.
दोन वर्षं कंपनीनं पैसे दिले.
पंचविसाव्या महिन्यात पत्र :
आपण वाहनतळाच्या खिडकीत बसू शकता,
किंवा फोनवर चौकशांना उत्तरं देऊ शकता,
किंवा कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर नजर ठेवू शकता.

(नजर त्याच्यावरच ठेवली होती.
तीन दिवस घरासमोर एक करडी गाडी.
पुरावा म्हणून चित्रफीत, तेहतीस सेकंद :
कोमोली डिकीतून भोपळा काढतो
आणि पोटाशी धरून आत नेतो.)

तक्रार सुनेनं लिहिलेली.
सही तेवढी त्याची,
आणि ती अशी
की हा माणूस अक्षरांवर जगला
हे कुणाला सांगूनही पटू नये.

त्याच्या पॉलिसीचा मूळ नमुना शोधायला तळघरात गेले.
खोका एकतीस. ओल लागलेला कागद.
तोच अर्धविराम.
कोपऱ्यात शिक्का, मंजूर,
आणि शिक्क्याच्या पोटात दोन आद्याक्षरं
डो. थि.
तारीख चौदा वर्षांपूर्वीची, शुक्रवार.
त्या दिवशी मला कसली घाई होती
काही केल्या आठवत नाही.

फोन केला. सांगून टाकलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही,
मागे कुत्रं भुंकत होतं.
मग म्हणाला, बाई, तुम्ही काय, वाचलं आणि पुढे गेलात.
का कुणास ठाऊक, मी विचारलं,
दगडात अक्षर चुकलं तर काय करता?

खोडता येत नाही, तो म्हणाला.
भरताही येत नाही, थंडीत भरलेलं निघून येतं.
अख्खं तोंड एक सूत खाली न्यायचं
आणि सगळी नावं पहिल्यापासून घालायची.
जी बरोबर होती, तीसुद्धा.

आमचे वकील म्हणतात, जुनी पॉलिसी जुन्याच शब्दांनी चालणार.
कंपनीला खुलासा मागितलाय, मुदत तीस दिवस.
त्यातून काय निघेल ते मी कोमोलीला सांगितलं नाही,
मला ठाऊकही नाही.

पण हा मसुदा माझ्यासमोर आहे.
'कोणत्याही'वर काट मारली.
समासात लिहिलं :
शिक्षण, अनुभव आणि पूर्वीची कमाई यांना साजेशा.
कलम नऊमधलं 'कंपनीच्या मते' काढलं.
मग कलम अकरा, मग परिशिष्ट,
मग पेन खाली ठेवलं
आणि एकशे बाराच्या एकशे बारा पानं
परत पाठवायच्या पाकिटात घातली.

सोबतच्या पत्राखाली
नेहमीसारखी आद्याक्षरं नाही टाकली.
डोरीन थिबो, असं पूर्ण लिहिलं,
एकेक अक्षर.
वेळ लागला.
टपालाची गाडी तोवर निघून गेली होती.